कीर्द कोणाच्या गादीवर?

कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटमध्ये दहा रुपयांची कोथिंबिरीची पेंडी घेतली, की भाजीवालीच्या पाटीशेजारचा स्पीकर पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगतो. रक्कम सगळ्या ओळीला ऐकू जाते. देणाऱ्याचे नाव, खाते आणि वेळ यांची नोंद मात्र बँकेकडे आणि पेमेंट ॲपकडे होते. रोखीत असे नव्हते. नोटेवरचे वचन ‘धारका’ला दिलेले असते, आणि धारक म्हणजे ज्याच्या हातात ती नोट आहे तो, त्याचे नाव विचारण्याची सोयच त्या कागदात नाही. नोंद व्हायची ती गुळाच्या अडत्याच्या किंवा गुजरीतल्या सराफाच्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, आणि ती कीर्द त्याच्याच गादीवर राहायची.

ही कीर्द परक्याच्या हाती जाणार, हे संगणकतज्ज्ञांनी फार लवकर ओळखले होते. डेव्हिड चाउम या अमेरिकी संशोधकाने 1982 मध्ये ‘आंधळ्या सही’ची पद्धत मांडली. कार्बन लावलेल्या बंद पाकिटावर सही केली की ती आतल्या कागदावर उमटते, तशी बँकेने डिजिटल नाण्याचा क्रमांक न पाहताच सही करायची. पुढे ते नाणे दुकानदाराकडून परत आले, तरी ते खरे आहे एवढेच बँकेला कळते, ते कोणाला दिले होते हे कळत नाही. कल्पना अस्सल होती, पण चाउम यांची डिजिकॅश कंपनी 1998 मध्ये दिवाळखोरीत निघाली. 2009 मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनला लोक गुप्त पैसा समजतात, ते अर्धेच खरे आहे: तिथे नाव नसते, पण कीर्द साऱ्या जगापुढे उघडी असते, आणि पत्त्याशी, म्हणजे तिथल्या खात्याच्या क्रमांकाशी, नाव एकदा जुळले की त्याचे मागचे सगळे व्यवहार वाचता येतात.

आपल्याकडे यूपीआय एप्रिल 2016 मध्ये आले आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला चलनातील सुमारे 86 टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या. आठवड्याभरातच जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली; ऊसबिल आणि दूधबिल याच बँकेत जमा होणाऱ्या कोल्हापूरच्या खेड्यांना ती जास्त जाचली. एप्रिल 2017 पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास बंदी आली. तरीही मार्च 2022 अखेर सुमारे 31 लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या, म्हणजे नोटाबंदीपूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. ओसरला तो रोखीचा साठा नव्हे, तिचा रोजचा वापर.

सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल चलनावरच्या ऑक्टोबर 2022 च्या टिपणात रिझर्व्ह बँकेनेही लहान रकमांना रोखीसारखी अनामिकता देण्याचा विचार मांडला आणि 1 डिसेंबरला सामान्य ग्राहकांसाठी ई-रुपयाचा, म्हणजे याच डिजिटल चलनाचा, प्रायोगिक वापर सुरू केला. ई-रुपयातून केलेला एकेक खर्च पासबुकात उमटत नाही, मोबाईलमधल्या पाकिटात भरलेली रक्कम तेवढी दिसते. पण ते पाकीट उघडतानाच मोबाईल क्रमांक जोडलेला असतो, त्यामुळे इथला धारक निनावी नाही.