साधी लेन्स पाच वर्षांत खराब होत नाही

निपाणी, चिकोडी, खानापूरकडे मोतीबिंदूचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "साधी लेन्स नको, पाच वर्षांत खराब होते." या भीतीपोटी माणसं कर्ज काढतात, नाहीतर ऑपरेशनच पुढं ढकलतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे खरं नाही. अपवाद सोडले तर डोळ्यात बसवलेली लेन्स, साधी असो की भारी, जन्मभर टिकते.

मग काही वर्षांनी काहींना पुन्हा धूसर का दिसतं? लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिची मागची बाजू गढूळ होते. तेव्हा लेन्स बदलत नाहीत. याग लेसरनं त्या पिशवीत छोटी खिडकी करतात. काही मिनिटांचं काम.

भारतीय लेन्सलाही उगीच नाक मुरडू नका. मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून त्या स्वस्तात बनवल्या आणि त्या परदेशांतही जातात.

निवडताना किमतीपेक्षा आपलं रोजचं काम बघा. साधी मोनोफोकल एकाच अंतराचं स्वच्छ दाखवते, बहुधा लांबचं. वाचायला चष्मा लागतो. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकलमध्ये चष्मा बराच सुटतो, पण उजेड त्या अंतरांत विभागला जातो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पुणे-बेंगळुरू महामार्गावर रात्री ट्रक चालवणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. मधुमेहानं डोळ्याचा मागचा पडदा बिघडला असेल तरीही नाही. सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाच्या असमान गोलाईमुळं येणारा) मोठा असेल, तर मात्र तो नंबर भरून काढणाऱ्या टॉरिक लेन्सबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.