घर विकताय? विसार घेण्याआधी भेटा

घर विकायचे ठरले की आधी एजंट येतो, मग गिऱ्हाईक, आणि वकील आठवतो तो रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी. तोवर विसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, घेऊन झालेला असतो आणि अटी ठरून गेलेल्या असतात. वकिलाची गरज घेणाऱ्याला, विकणाऱ्याला कशाला, असेही बरेचजण विचारतात. घेणाऱ्याचा वकील तुमचे कागद तपासणारच आहे. त्यातली खोट तुमचे वकील म्हणून आम्हाला आधी सापडली तर दुरुस्तीला वेळ मिळतो. त्याला सापडली की भाव पाडला जातो.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते वारसांपाशी. नेहमीचे उदाहरण घ्या. फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील वारले, मृत्युपत्र नाही. थोरला मुलगा नॉमिनी, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचे नाव चढवले. त्याला वाटते घर आता आपले. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, भाऊ, नाशिकला दिलेली बहीण, सगळ्यांचा सारखा हिस्सा असतो. अशा वेळी इतरांचे हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) नोंदवून घ्यावे लागते, नाहीतर सगळ्यांनीच विक्रीच्या दस्तावर सह्या करायच्या. ‘बहीण काही मागणार नाही हो’ हे खरेही असेल, पण निबंधकाच्या टेबलावर ते चालत नाही.

मूळ करारनामा हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून नक्कल, एवढे करावे लागते. त्यात काही आठवडे सहज जातात.

आता विसार पावती. एजंटकडे छापील नमुना तयार असतो. त्यात ‘उर्वरित रक्कम लवकरात लवकर देण्यात येईल’ असे वाक्य हमखास सापडते. लवकरात लवकर ही तारीख नव्हे. घेणाऱ्याला कर्ज मिळाले नाही तर विसाराचे काय, साठेखत (विक्रीआधीचा करार) किती दिवसांत, पैसे कोणत्या टप्प्यांनी, हे सगळे आकड्यांत आणि तारखांत लिहून घ्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेऊ नका; आयकर कायद्यात तेवढाच दंड बसू शकतो. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय ताबा देऊ नका, ‘फक्त सामान ठेवतो’ म्हटले तरी नाही.

घरावर तुमचे कर्ज असेल तर घाबरण्याचे कारण नाही. घेणारा किंवा त्याची बँक तुमच्या बँकेला परस्पर रक्कम देते. कर्ज फिटल्यावर तुमच्या बँकेने ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना घेतली जाणारी रक्कम) २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘ऐच्छिक’ देणगी मागितली, तर ती ऐच्छिकच असते, एवढे कमिटीला नम्रपणे सांगा. नाहीतर आम्ही पत्र देतो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा तुमच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून भरतो. विकणारा परदेशात राहत असेल तर कपात बरीच जास्त होते. ती कमी करण्याचा दाखला आयकर खात्याकडून व्यवहाराआधीच काढावा लागतो. अमेरिकेतल्या मुलाने तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने सह्या करण्याचा अधिकार) पाठवायचे असेल, तर मसुदा आमच्याकडून घ्या. तिथे सही झाल्यावर चूक सापडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फी पहिल्या भेटीतच ठरते आणि ती विक्रीच्या किमतीवर टक्केवारीने नसते. येताना करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती यांच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच ठेवा. ते एजंटकडेही देऊन ठेवू नका.