होस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे

फायनल इयर प्रोजेक्टचा मोसम आला की ठाणे-ऐरोली पट्ट्यातून कोणी ना कोणी विचारतंच: ‘दादा, उबुंटू लिनक्सवर विंडोजसाठी व्हीएलसी मीडिया प्लेयर सोर्समधून बिल्ड केला. एकही एरर नाही. पण विंडोजवर चालतच नाही.’ मी लॉग मागत नाही, कॉन्फिगरची, म्हणजे बिल्डआधी सेटिंग ठरवणाऱ्या आज्ञेची, ओळ मागतो. बहुतेक वेळा तिथे ‘होस्ट’ हवा असतो आणि लिहिलेलं असतं ‘टार्गेट’.

साधा बिल्ड तुम्हाला येतो असं धरतो. बूटस्ट्रॅप, कॉन्फिगर, मेक, झालं. लिनक्सवर बसून विंडोजचा प्लेयर बनवणं हा आडमार्गही नाही. व्हीएलसी बनवणारी व्हिडिओलॅनची मंडळी स्वतःच विंडोजची आवृत्ती लिनक्सवर, विंडोजसाठी कोड काढणाऱ्या मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ कंपायलरने बनवतात.

आता मुद्द्याचं. व्हीएलसी ३ ऑटोटूल्सवर, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनांवर, उभा आहे आणि ऑटोटूल्सला तीन मशीनं माहीत असतात. कंपाइल जिथे चालतं ते ‘बिल्ड’. तयार झालेला प्रोग्राम जिथे चालणार ते ‘होस्ट’. आणि तो प्रोग्राम स्वतःच कंपायलर असेल, तर तो ज्या मशीनसाठी कोड काढणार ते ‘टार्गेट’. रबाळ्याच्या कारखान्यात शिलाई मशीन बनलं, घोडबंदरच्या टेलरकडे बसलं आणि दिव्याच्या शाळेचे गणवेश शिवू लागलं, तर रबाळे बिल्ड, घोडबंदर होस्ट, दिवा टार्गेट. त्याच कारखान्यात पंखा बनला, तर दिव्याचा प्रश्नच येत नाही. पंखा काही शिवत नाही. व्हीएलसी हा पंखा आहे. जीसीसी, बिनयुटिल्स, जीडीबी असलं कंपायलर-डीबगरच्या जातीचं काही बनवत असाल तरच टार्गेटला हात लावा.

गोंधळ होतो त्यात पोरांचा फार दोष नाही. व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनमध्ये दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) वापरून वापरून ‘होस्ट म्हणजे आपण बसलोय ते मशीन’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यात एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोजेक्टने भर घातली. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोटूल्सची नाही, हाताने लिहिलेली आहे. तिथे विंडोज सांगायचं ते ‘टार्गेट-ओएस’मध्ये, आणि ‘होस्ट-सीसी’ म्हणजे चक्क तुमच्या लिनक्सचा कंपायलर. म्हणजे बरोबर उलटं! एफएफएमपेग स्वतंत्रपणे बिल्ड करून आलेला माणूस व्हीएलसीत हमखास फसतो. (व्हीएलसीच्या कॉन्ट्रिबमधून, म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्या बनवून देणाऱ्या व्यवस्थेतून, एफएफएमपेग बनवलात तर ही उलटापालट तीच सांभाळते. कॉन्ट्रिब सोडून लायब्रऱ्या हाताने जमवणाऱ्यांना मी सल्ला देणं बंद केलंय.)

खरी चीड येते ती ऑटोटूल्सच्या मौनाची. टार्गेट दिलं तर ते मुकाट्याने घेतं. होस्ट दिला नाही, म्हणून होस्टही बिल्डसारखाच धरतं. तुमच्या उबुंटूत लागणारी डेव्हलपमेंट पॅकेजं आधीच असली तर सगळं बिनबोभाट पार पडतं आणि हातात येतो लिनक्सचाच व्हीएलसी. तयार बायनरीवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवा. उत्तरात ‘ईएलएफ’ (लिनक्सचा फॉरमॅट) दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून. ‘पीई३२+’ दिसलं तर ६४ बिटचा विंडोज बिल्ड जमला.

होस्टसोबत बिल्डही स्पष्ट लिहा. नुसता होस्ट दिलात तर कॉन्फिगर एक छोटा प्रोग्राम कंपाइल करून तो इथे चालतो का ते बघतं आणि त्यावरून क्रॉस-कंपाइल (एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी बनवणं) आहे की नाही ते ठरवतं. तुमच्या लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) असेल आणि कर्नलला ‘.ईएक्सई’ थेट वाइनकडे सोपवायची सवय लावलेली असेल, तर तो प्रोग्राम खुशाल चालतो. कॉन्फिगर समजतं, क्रॉस वगैरे काही नाही.

बिल्ड आणि होस्ट असे वेगळे का ठेवायचे, ते ल्युआ या स्क्रिप्टिंग भाषेपाशी कळतं. व्हीएलसीच्या ल्युआ स्क्रिप्ट बाइटकोडमध्ये बदलणारा ‘ल्युएसी’ कंपाइल चालू असतानाच लागतो, म्हणून तो लिनक्सचा हवा. पण प्लेयरला जोडली जाणारी ल्युआ लायब्ररी विंडोजची. क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीतल्या ‘मॉक’ या कोड बनवणाऱ्या साधनाचंही तसंच. एकाच प्रोजेक्टची दोन पिल्लं, दोन मशीनांसाठी.

लायब्रऱ्या कुठे आहेत ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगमध्येही एक खड्डा आहे. ‘पाथ’वाला व्हेरिएबल नुसती वाढीव जागा सांगतो, तिथे लायब्ररी मिळाली नाही की गाडी पुन्हा उबुंटूच्या फोल्डरांत. ‘लिबडिर’वाला मूळ यादीच बदलतो. क्रॉस-कंपाइलला हा दुसराच वापरा.

होस्टमध्ये लिहायच्या ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२’ या नावातल्या ३२ ला बिचकू नका. सुरुवातीला एक्स८६_६४ आहे ना? मग ६४ बिटच.

एमपीव्ही हा दुसरा प्लेयर बनवणार असाल तर तिथे ऑटोटूल्सऐवजी मेसन आहे. क्रॉस-फाइलमध्ये ‘होस्ट मशीन’चा भाग असतो, त्यात विंडोज लिहा; मेसनने ऑटोटूल्सचाच अर्थ ठेवलाय. फक्त त्याआधी एफएफएमपेग बनवावा लागेल, आणि तिथे पुन्हा ‘टार्गेट-ओएस’.