डर्ट बाइकसाठी ट्यूबलेस घ्यावे की फोम : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ट्यूब वारंवार फुटते म्हणून तिच्या जागी ट्यूबलेस यंत्रणा बसवावी की टायरमध्ये फोम भरावा, हा प्रश्न आमच्याकडे येणारे बहुतेक डर्ट बाइक चालक विचारतात. याचे उत्तर गाडीच्या किमतीवर किंवा चालकाच्या कौशल्यावर फारसे अवलंबून नसते. गाडी ट्रॅकपर्यंत स्वतःच्या चाकांवर जाते की पिकअपमध्ये चढून, आणि निघण्यापूर्वी चाकांची हवा तपासण्याची सवय चालकाला आहे की नाही, या दोन गोष्टी आम्ही सर्वांत आधी जाणून घेतो. पुढील माहिती या दोन गोष्टी मनात ठेवून वाचावी, ही विनंती.

ट्यूब का फुटते

चिखलात, वाळूत किंवा ओल्या कातळावर पकड मिळावी म्हणून टायरमधील हवा रस्त्यावरच्या मानाने बरीच कमी, म्हणजे 12 ते 14 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास ठेवावी लागते. एवढ्या कमी हवेवर चाक दगडावर आदळले की टायर रिमपर्यंत दबतो, मधली ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. सह्याद्रीतील धारदार काळा दगड आणि कोकणातील जांभा या बाबतीत सारखेच निर्दय आहेत. हवा वाढवली तर चिमटा बसत नाही, पण पकड जाते. सासवड, बारामतीकडच्या माळावर फिरणाऱ्यांना दगडापेक्षा बाभळीच्या काट्याचा त्रास अधिक होतो, आणि काट्यापुढे तीन-चार मिलिमीटर जाडीची हेवी ड्यूटी ट्यूबही काही वेळा हार मानते. तरीही अशी जाड ट्यूब आणि सोबत रिम लॉक (टायरची कड रिमवर घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प) ही जोडी अनेक ग्राहकांना पुरेशी ठरते. ती लावून पाहिल्याशिवाय पुढच्या खर्चात पडू नये, असे आमचे मत आहे.

फोम, म्हणजेच मूस

मूस हे बंद छिद्रांच्या रबरी फोमचे अखंड कडे असते आणि ते ट्यूबच्या जागी टायरमध्ये बसते. मिशेलिन कंपनीने 1980च्या दशकात पॅरिस-डाकार रॅलीसाठी ‘बिब मूस’ वापरात आणला आणि तेथून तो एंड्युरो (रानवाटांवरची लांब पल्ल्याची) व मोटोक्रॉस (बंदिस्त मातीच्या ट्रॅकवरची) या शर्यतींत रुळला. त्यात हवाच भरलेली नसल्याने पंक्चर होण्याचा प्रश्न उरत नाही. टायरमध्ये खिळा घुसो, काटा मोडो किंवा बाजूची भिंत चिरली जावो, गाडी चालत राहते. शर्यतीत एका पंक्चरने सगळा दिवस वाया जातो, त्यामुळे स्पर्धकांना या निश्चिंततेचे मोल पुरेपूर ठाऊक असते.

मात्र या निश्चिंततेच्या बदल्यात दाब बदलण्याची सोय सोडून द्यावी लागते. नवा मूस साधारणपणे 12 ते 13 पीएसआय हवेइतका कडक लागतो, आणि सकाळी मुरूम व दुपारी चिखल असला तरी तो तसाच राहतो. वापरासोबत तो आकसतो व मऊ होतो, त्यामुळे काही महिन्यांपूर्वी घट्ट वाटणारे चाक हळूहळू ढिले वाटू लागते. काही अनुभवी चालक असा जुना मूस मुद्दाम चिखलाच्या दिवसांसाठी राखून ठेवतात, आणि ते शहाणपणाचे आहे. नवीन चालकाने मात्र अंगठ्याने दाबल्यावर टायरची भिंत सहज आत जाऊ लागली की मूस बदलण्याचा विचार सुरू करावा.

मूसचा खरा शत्रू उष्णता आहे. चाक फिरताना फोम सतत दबतो आणि सुटतो, शिवाय टायरच्या आतल्या बाजूवर घासतो, आणि या दोन्हींमुळे तो तापतो. घर्षण कमी व्हावे म्हणून बसवताना आतून विशेष जेल लावले जाते. हे जेल आटले, किंवा गाडी डांबरी रस्त्यावर सलग वेगात चालवली, तर फोम आतल्या आत झिजून त्याचा काळा भुगा होतो आणि अखेरीस कडे तुटते. याच कारणामुळे उत्पादक मूस रस्त्यावर वापरू नये असे स्पष्ट बजावतात. नंबर प्लेट असलेल्या आणि रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत आम्ही मूस बसवून देत नाही. ग्राहकाने आग्रह धरला तरी आमचा नकार कायम राहतो, याबद्दल गैरसमज नसावा.

मूस घेताना टायरवरचा आकडा जुळला म्हणजे काम झाले, असे समजू नये. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर आतून कमी-जास्त रुंद असतात. सैल टायरमध्ये छोटा मूस भरला तर तो आत फिरतो व लवकर झिजतो, आणि घट्ट टायरमध्ये मोठा मूस भरला तर चाक दगडासारखे कडक होते. म्हणून टायरची कंपनी आणि मॉडेल कळल्याशिवाय आम्ही मूसचे माप सांगत नाही.

दोन कप्प्यांची ट्यूबलेस यंत्रणा

आऱ्यांच्या रिमला आऱ्यांसाठी छिद्रे असल्याने साधा ट्यूबलेस टायर तिच्यात हवा धरत नाही. ‘ट्युब्लिस’ या नावाने मिळणारी यंत्रणा हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवते. रिमला लगटून एक अरुंद रबरी कप्पा बसतो आणि त्यात 100 ते 110 पीएसआय हवा भरली जाते. हा कप्पा टायरच्या दोन्ही कडा रिमवर आवळून धरतो व छिद्रेही झाकतो. टायरमध्ये उरलेल्या जागेत स्वतंत्र व्हॉल्व्हमधून पाहिजे तेवढी कमी हवा भरता येते. मागच्या चाकात आठ पीएसआयपर्यंत खाली जाऊनही कड सुटत नाही, चिमटा बसायला ट्यूबच नसते, आणि दगडी चढावर मिळणारी पकड ट्यूबवर चालवणाऱ्याला प्रथम खरी वाटत नाही. काटा लागल्यास चाक न काढता बाहेरून प्लग (छिद्र बुजवणारी रबरी पट्टी) मारून दहा मिनिटांत पुढे निघता येते. पावसाळ्यात भर चिखलात चाक उघडून बसण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

या यंत्रणेची अट एकच आहे, आणि ती टाळता येत नाही. आतल्या कप्प्याचा दाब प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी तपासावाच लागतो. कप्पा लहान असल्याने नुसता गेज लावला तरी त्यातील दाब लक्षणीय उतरतो. म्हणून गेज असलेला सायकलचा उभा पंप वापरावा आणि त्यावरच आकडा पाहून लगेच दाब पूर्ण करावा. पेट्रोल पंपावरची हवा प्रत्येक ठिकाणी एवढ्या दाबापर्यंत जाईलच असे नाही. आतला कप्पाच फुटला तर टायरची रिमवरची पकड आणि हवा दोन्ही एकदम जातात, आणि मग प्लग उपयोगी पडत नाही. लांबच्या फेरीला एक साधी ट्यूब व टॉमी (टायर उघडण्याची लोखंडी पट्टी) सोबत ठेवाव्यात, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

बसवण्यापूर्वी रिम आतून नीट तपासावी लागते. निपलबाहेर (आरा रिमला आवळणाऱ्या नटाबाहेर) डोकावणारी आऱ्याची टोके घासून सपाट करावी लागतात, कारण 110 पीएसआयखाली एक टोकसुद्धा कप्प्यात भोक पाडू शकते. वाकलेली किंवा कडेला चेपलेली रिम आम्ही आधी सरळ करायला सांगतो. ही यंत्रणा 21, 19 आणि 18 इंची रिमसाठी मिळते. त्यामुळे हीरो एक्सपल्स 200 सारख्या 21 व 18 इंची चाकांच्या गाडीला माप जुळू शकते, पण मागे 17 इंची चाक असलेल्या हिमालयन 411ला मागच्या बाजूस ती बसत नाही. रिमची रुंदीही जुळायला हवी, म्हणून माप घेतल्यावरच मागणी नोंदवली जाते. उत्पादकाने ही यंत्रणासुद्धा मुख्यतः कच्च्या वाटांसाठी बनवली आहे, हे ध्यानात ठेवावे.

रिमच्या छिद्रांवर टेप किंवा सीलंट लावून ट्यूबलेस करण्याचा घरगुती उपाय अनेकजण विचारतात. रस्त्यावरच्या दाबाला तो बराच काळ टिकतो. पण साध्या रिमला टायरची कड अडवणारा उंचवटा नसल्याने हवा कमी केली की कड सुटण्याचा धोका राहतो, म्हणून कच्च्या वाटेसाठी तो आम्ही सुचवत नाही.

आमचा सल्ला

गाडी पिकअपमधून ट्रॅकवर जात असेल, आपण शर्यतीत उतरत असाल आणि वाट दगडी असेल, तर मूस घ्यावा. दाब वाटेप्रमाणे बदलण्याची आवड असेल आणि रोजच्या तपासणीचा कंटाळा नसेल, तर दोन कप्प्यांची यंत्रणा घ्यावी. डांबरी रस्त्याने घाट उतरून मग रानात शिरणाऱ्या आणि संध्याकाळी त्याच गाडीवर घरी परतणाऱ्या चालकासाठी आजही जाड ट्यूबच योग्य आहे. खर्च विभागायचा असेल तर मागे दोन कप्प्यांची यंत्रणा आणि पुढे जाड ट्यूब ही जोडी उत्तम चालते, कारण कमी दाबाचा फायदा मागच्या चाकाला अधिक मिळतो.

मूस असलेली गाडी उभी करताना चाके जमिनीवरून उचललेली राहतील असा स्टँड लावावा, अन्यथा एकाच ठिकाणी वजन पडून फोम चपटा होतो. एप्रिल-मे महिन्यांत गाडी पत्र्याच्या शेडखाली ठेवू नये. सुटा मूस थंड, सावलीच्या जागी आणि कशाखाली न दाबता ठेवावा. टायर बदलताना प्रत्येक वेळी नवे जेल लावून घ्यावे व त्यात काटकसर करू नये.

काम देताना शक्यतो संपूर्ण गाडीऐवजी धुतलेले चाक आणावे, सोबत टायरची कंपनी व मॉडेल लिहून आणावे, आणि रिमला रिम लॉकचे छिद्र आहे की नाही तेही पाहून यावे.