सोयाची वडी, सोयाचा चाप आणि मधला मैदा

मागच्या वर्षी नात्यातल्या एका मुंजीत जेवणाच्या मांडवात तंदूर लावला होता. पुढे पाटी, ‘सोया टिक्का’. माझ्या भाचीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू तिच्या आतड्याला चिमूटभरही चालत नाही. तिने रीतसर विचारलं, “यात मैदा आहे का?” वाढणारा म्हणाला, “नाही ताई, प्युअर सोया.” तिने दोन तुकडे खाल्ले. रात्रभर पोट धरून बसली, आणि पुढचे तीन-चार दिवस मऊ भात.

तो माणूस खोटं बोलला असं मला आजही वाटत नाही. पाटीवर सोया लिहिलं होतं, त्याने ते खरं मानलं. भाचीच्या डोक्यात होती घरी नेहमी होणारी सोया वडी आणि सळईवर होता सोया चाप. दोघांच्या नावात सोया आहे, दोन्ही मटणासारखे चावावे लागतात, श्रावण लागला की दोन्हींना भाव येतो. पण दाताखाली जो चिवटपणा लागतो, तो वडीत यंत्राने आणलेला असतो आणि चापात गव्हाने. चापात सोया असतो, पण घर उभं असतं ते गव्हाच्या खांबांवर.

वडी म्हटलं की आपल्याला सांडगे आठवतात. डाळ वाटायची, तोडायची, गच्चीवर वाळवायची. सोया वडीने ऊन पाहिलेलंच नसतं. ती तेलाच्या कारखान्याची लेक. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. लातूर, वाशीम, हिंगोलीच्या बाजारातून निघालेलं सोयाबीन कारखान्यात जातं ते आधी तेलासाठी. तेल काढून घेतल्यावर मागे जी पेंड राहते तिच्या खाण्याजोग्या पिठात निम्मी तरी प्रथिनंच असतात. हे पीठ ओलसर करून एक्स्ट्रुडर नावाच्या यंत्रात घालतात. बंद नळी, आत फिरणारा मोठा स्क्रू, भरपूर दाब आणि उकळत्या पाण्याहून बरीच जास्त उष्णता. या रेट्यात प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, पुढे सरकता सरकता एकाच दिशेला ओढल्या जातात आणि एकमेकींना चिकटतात. नळीच्या तोंडातून माल बाहेर पडला की दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची फटकन वाफ होते आणि तुकडा फुगून जाळीदार होतो. मक्याचे कुरकुरे फुगतात तेही असेच. म्हणून कोरडी वडी पाकिटात खुळखुळते आणि भिजली की स्पंज होते.

ही करामत अमेरिकेतली. आर्चर डॅनियल्स मिडलँड या कंपनीने १९६०च्या दशकात ती बाजारात आणली. आपल्याकडे १९८०च्या दशकापासून न्यूट्रिला या ब्रँडची वडी घराघरात इतकी बसली, की माझी सासू आजही कुठल्याही कंपनीचं पाकीट आणायला सांगताना “एक न्यूट्रिला आण” असंच म्हणते.

चाप मात्र दिल्ली-पंजाबकडचा. आइस्क्रीमच्या काडीवर पट्टी गुंडाळलेली, कोंबडीच्या तंगडीसारखी दिसावी अशी. तिकडे मलाई चाप, अफगाणी चाप, अमृतसरी चाप यांच्या वेगळ्या गाड्या असतात. पुण्या-मुंबईत तो बराच उशिरा आला आणि आल्या आल्या लग्नाच्या मेन्यूत शिरला. त्यात असतं काय? भिजवून वाटलेलं सोयाबीन किंवा सोयाचं पीठ, आणि ते बांधायला मैदा. काही जण वर विकतचं कोरडं ग्लुटेनही घालतात, म्हणजे गव्हातलं ते चिवट प्रथिन जे सिलिअ‍ॅकमध्ये बाधतं. गोंधळात भर म्हणजे घरी करणारे पुष्कळ जण भिजवलेल्या सोया वड्याच वाटून चापात घालतात. म्हणजे चापाच्या पोटात वडी असू शकते, पण वडीच्या पोटात चाप कधीच नाही.

मसाल्यात लडबडलेला तुकडा समोर आला तर ओळखायचा कसा? काडी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बोटाने फाडून बघा. चापाचे पापुद्रे सुटतात, गुंडाळलेल्या पट्टीचे वेढे दिसतात आणि कडा किंचित रबरासारखी ताणते. वडी ताणत नाही. ती तुटते, आत भोकं दिसतात आणि दाबली की रस्सा बाहेर येतो. अर्थात सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने हा प्रयोग पंगतीत करत बसू नये. माहीत नसेल तर ताटात घेऊ नये, हेच बरं.

आता घरी काय जमतं? वडी जमत नाही. कुणी कितीही छान व्हिडिओ दाखवो, एक्स्ट्रुडरशिवाय ती वडी होत नाही. मी सोयाबीन भिजवून, वाटून, वाफवून पाहिलंय. चांगली लागते, पण ती कोथिंबीर वडीची चुलत बहीण. चावायच्या आधीच विरघळते.

चाप मात्र जमतो. वाटीभर सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सकाळी चोळून सालं काढायची आणि दाणे दहा मिनिटं खळाखळा उकळायचे. ही उकळी टाळू नका. सोयाबीनला जो कच्चट, हिरवट वास येतो तो दाणा ओला असताना गार पाण्यात वाटला की भरपूर सुटतो, आधी उकळला की बराच दबतो. शिवाय कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच मोडतात. मग अगदी कमी पाण्यात बारीक वाटायचं, मीठ घालायचं आणि दोन वाट्या मैद्यात दहा मिनिटं कणकेसारखं तिंबायचं. अर्धा तास झाकून ठेवायचं. जाडसर पोळी लाटायची, बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या, काडीवर किंचित ताण देत गुंडाळायच्या, टोक दाबून बंद करायचं आणि मिठाच्या पाण्यात वीसेक मिनिटं उकडायच्या. बाहेर काढून गार पाण्यात.

पहिल्या वेळी मी शहाणपणा केला. मैदा वाईट, म्हणून निम्माच घातला. पट्टी काडीवर बसली तोवर सगळं झकास होतं. उकळत्या पाण्यात गेल्यावर पाचव्या मिनिटाला काड्या एकीकडे तरंगायला लागल्या आणि पातेल्यात सोयाबीनचं पिठलं. सोयाबीनमध्ये प्रथिनं कितीही असली तरी ती पीठ मळताना जाळं विणत नाहीत. हा गुण गव्हाच्या दोन प्रथिनांचा. ग्लायडिन ताणतं, ग्लुटेनिन धरून ठेवतं, आणि पाणी घालून तिंबलं की दोघांचं मिळून ग्लुटेन होतं. पोळी फुगते ती याच जाळ्यामुळे आणि चाप चिवट लागतो तोही.

सोया अजिबात न घालता नुसत्या ग्लुटेनचंही ‘मांस’ करतात. चीनमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात ते शेकडो वर्षांपासून आहे. जपानमध्ये जॉर्ज ओसावा यांनी १९६०च्या दशकात त्याला ‘सेतान’ हे नाव दिलं. युरोपात इटलीच्या बोलोन्यातले याकोपो बेक्कारी यांनी मळलेली कणीक पाण्यात धुऊन स्टार्च आणि ग्लुटेन वेगळं करून दाखवलं, आणि ते १७४५ साली छापून आलं. ही धुलाई घरी करून बघण्यासारखी आहे, त्यात बघायलाच जास्त मजा आहे.

अर्धा किलो मैदा घट्ट मळा, तासभर पाण्यात बुडवून ठेवा. मग त्याच पाण्यात गोळा हलक्या हाताने पिळायला लागा. पाणी दुधासारखं होतं. ओतून ठेवा, नवीन घ्या. तिसऱ्या पाण्याच्या सुमाराला गोळा हातात फाटायला लागतो, लोंबकळतो, बोटांतून निसटतो. इथे वाटतं की बिघडलं. बिघडलेलं नसतं. पुढच्या दोन पाण्यांत तीच लक्तरं पुन्हा एकमेकींना धरतात आणि पिवळट-करडा, चमकदार, ओढला की मागे जाणारा गोळा तयार होतो. अर्धा किलोचा जेमतेम सव्वाशे ते दीडशे ग्रॅम. कणकेचा करायला गेलात तर कोंड्याने जाळं कापलं जातं आणि निम्मा माल पाण्याबरोबर जातो. खपलीचं पीठ तर घेऊच नका, तिचं ग्लुटेन दुबळं असतं. दुबळं म्हणजे नाही असं नव्हे. खपली सिलिअ‍ॅकवाल्यांना चालते हा समज आपल्याकडे फार पसरलाय आणि तो साफ चूक आहे.

मी हे करत असताना आई शेजारी बसून बघत होती. माझं लक्ष गोळ्याकडे, तिचं पांढऱ्या पाण्याच्या पातेल्यांकडे. “अगं, हा चीक की!” कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, गाळून ती जो चीक काढायची, तो म्हणजे गव्हाचा स्टार्च. ग्लुटेन तिथे कोंड्याबरोबर चोथ्यात जायचं. तिने सगळी पातेली झाकून ठेवली, सकाळी वरचं पाणी अलगद ओतलं, तळाला बसलेला थर हिंग-मीठ घालून शिजवला आणि तूप घालून खाल्ला. म्हणाली, आंबला नाही त्यामुळे कुरडईच्या चिकाची चव नाही, पण वाईट नाही. मग माझ्या गोळ्याला एक बोट लावलं. “हे तर आम्ही चोथ्याबरोबर म्हशीला घालायचो.” तिच्या गावी काही घरी चोथ्याच्या भुसवड्या करायचे. बाकीचं सगळं गोठ्यात. एकाच गव्हातून चिनी भिक्षूने एक ठेवलं आणि माझ्या आजीने दुसरं.

शिजवताना वडी आणि चाप यांचे स्वभाव उलटे आहेत. वडी स्पंज आहे, पण कारखान्याचा वास घेऊन आलेला स्पंज. मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळायची, गार पाण्यात दोनदा धुवायची आणि प्रत्येक वेळी तळव्यात घट्ट पिळायची. पिळणं अर्धवट झालं तर मसाल्याला आत जागाच राहत नाही, आणि मग ‘सोयाला चव नसते’ म्हणून सोयालाच बोल लागतो. पिळून झाल्यावर आलं-लसूण, हळद, तिखट लावून अर्धा तास ठेवा, थोड्या तेलात कडा खरपूस होईपर्यंत परता आणि मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोडा. आमच्याकडे माळकरी सासरे आणि मटणप्रेमी नवरा या एकाच पातेल्यावर खूश असतात. बारीक दाण्याची मिळते तिचा खिमा पावाबरोबर उत्तम.

चापाला असं भिजवून काही होत नाही. तो दाट असतो, मसाला आत फारसा शिरत नाही, वर बसतो. म्हणून दही, साय, काजूची पेस्ट असं अंगाला चिकटणारं काहीतरी लागतं आणि मग कडक आच. त्याची चव उकडायच्या पाण्यातच घालावी लागते. कांदा, आलं, लसूण, दोन आमसुलं. नुसतं ग्लुटेन असेल तर पाणी खदखदू देऊ नका, मंद आचेवरच ठेवा. जोराने उकळलं की ते फुगतं आणि मांसाऐवजी भांडी घासायचा स्पंज होतो. त्याच पाण्यात रात्रभर मुरलं तर दुसऱ्या दिवशी छान घट्ट कापता येतं.

प्रथिनांच्या आकड्यांवरून फसू नका. वडीच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम असं लिहितात ते कोरड्या वडीचं. भिजल्यावर ती आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतकं पाणी पिते, त्यामुळे ताटातल्या १०० ग्रॅमला तेरा ते सतरा ग्रॅमच धरा. तेही कमी नाही. चापाचा आकडा मैद्याच्या प्रमाणावर अवलंबून. पण चापाची एक बाजू मला मान्य करावी लागते. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन गव्हात कमी असतं, सोयात भरपूर. सोयात मिथिओनिन कमी, ते गहू भरून काढतो. वरण-पोळीचंच गणित. ज्यांना गहू चालतो त्यांनी चापाला मैदा म्हणून नाकं मुरडण्याचं कारण नाही. फक्त घेताना गोठवलेल्या पाकिटामागची घटकांची यादी वाचा. जे सगळ्यात जास्त ते आधी लिहिलेलं असतं, आणि सोया चापाच्या पाकिटावर ते दर वेळी सोया नसतं.

भाची दिवाळीत आली तेव्हा तिच्यासाठी मी वड्यांचा टिक्का करायचं ठरवलं. पाकीट वाचलं, फक्त सोयाचं पीठ. तंदुरी मसाला घरचा. तवा वेगळा, पोळीचं पीठ न लागलेला. वड्या पिळून दह्यात घातल्या, आईच्या सवयीने वर चिमूटभर हिंग टाकायला डबी उघडली. भाचीने ती हातातून काढून घेतली, उलटी केली आणि बारीक अक्षरं वाचली.

“मावशी, या हिंगात गव्हाचं पीठ आहे.”