प्लेगलँड्स : शापित जमिनीची सोडवणूक

ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या अमेरिकी कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातील दोन लगतचे प्रदेश, वेस्टर्न प्लेगलँड्स आणि ईस्टर्न प्लेगलँड्स. एके काळी हा सगळा मुलूख लॉर्डेरॉन या मानवी राज्याचा होता आणि राज्याच्या पोटापाण्याची बरीचशी शेती इथेच होती. मृतांच्या फौजेने, म्हणजे स्कर्जने, तो बुडवला. नुसती माणसे मेली नाहीत, माती आणि पाणीही नासले. हजारो खेळाडू एकाच जगात एकाच वेळी वावरत असताना अशी नासलेली जमीन पुन्हा वहितीखाली कशी आणायची, हा प्रश्न या खेळाने जितका लांबवर नेला तितका फार थोड्या खेळांनी नेला असेल. म्हणून ही नोंद लढायांपेक्षा जमिनीच्या अंगाने केली आहे.

आक्रमणाची हकिगत २००२ साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या आधीच्या खेळात आहे. ही महामारी सैन्याबरोबर आली नाही, ती धान्यातून आली. केल’थुझाड या मांत्रिकाच्या पंथाने अँडोरहाल या गावची कोठारे बाटवली. अँडोरहाल हे उत्तरेच्या धान्यवाटपाचे केंद्र, त्यामुळे तिथला शिक्का असलेल्या पेट्या गावोगाव पोहोचल्या आणि ज्यांनी ती भाकरी खाल्ली ते मेले आणि मेल्यावर उठून आपल्याच माणसांवर चालून गेले. युवराज अर्थस स्ट्रॅथोम शहरात पोहोचला तेव्हा धान्य वाटून झाले होते. लोक उठण्याआधीच त्यांना कापून काढायचा हुकूम त्याने दिला. त्याचा गुरू उथर याने तो मानला नाही. पुढे हाच युवराज शापित तलवार हाती घेऊन परतला आणि सिंहासनावर बसलेल्या बापाला त्याने मारले. राज्य गेले. शेतकऱ्याच्या घरात मरण दाण्यातून शिरले, ही गोष्ट कथेच्या मुळाशी असल्यामुळे पुढची सोडवणूकही शेतातूनच सुरू व्हावी लागली, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते.

२३ नोव्हेंबर २००४ला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ सुरू झाला तेव्हा प्लेगलँड्स हा पन्नाशीच्या लेव्हलचा, म्हणजे खेळाडूच्या बळाच्या पन्नासाव्या पायरीपुढचा, मुलूख होता. कमाल लेव्हल ६० होती, म्हणजे खेळाडू इथे पोहोचायचा तो बराच पिकल्यावर. पश्चिमेकडे मळकट पिवळे धुके आणि करडे गवत, पूर्वेकडे नारिंगी आभाळ आणि झाडांएवढ्या अळंब्या. पश्चिमेत फेलस्टोन फील्ड, डॅलसन्स टीअर्स, रायदिंग हाँट आणि गॅरन्स विदरिंग अशी चार उद्ध्वस्त शेतशिवारे. प्रत्येक शिवाराच्या मधोमध स्कर्जने एक प्रचंड कढई मांडलेली आणि तिच्यातून हिरवट विषारी वाफ अखंड निघत असलेली. शिवारातला वारा त्या वाफेनेच भरलेला, आणि आसपास फिरणारे सांगाडे बहुधा त्या शेतांचेच जुने धनी.

या चार कढयांचे क्वेस्ट, म्हणजे खेळाने नेमून दिलेली कामे, जुन्या खेळाडूंना अजून तोंडपाठ आहेत. खेळाडू अलायन्स आणि होर्ड या दोन विरोधी पक्षांत वाटलेले. अलायन्सचा खेळाडू चिलविंड कॅम्पवरून निघे, होर्डचा बुलवर्क या नाक्यावरून. दोन्हीकडे मृतांशी लढणाऱ्या आर्जेंट डॉन या एकाच संघटनेची माणसे असत. फेलस्टोन फील्डवर बाइलमॉ नावाचा कढईचा राखणदार असे. त्याला मारून किल्ली घ्यायची, कढई उघडायची, आतला द्राव रिकाम्या बाटलीत भरायचा आणि ती बाटली तपासणीसाठी माघारी न्यायची. मग पुढची कढई, पुढची बाटली. चारही ठिकाणी तलवार ही फक्त दार उघडण्यापुरती आहे. खरे काम नमुना गोळा करण्याचे, एखाद्या गावातल्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत न्यावे तसे. रायदिंग हाँटजवळ बैलासारख्या दिसणाऱ्या टॉरेन वंशातला एक जण बसलेला असे. तो खेळाडूला रोगी लांडगे आणि अस्वले मारायला सांगे, कारण त्यांचा त्रास संपवण्याचा दुसरा उपाय त्याच्याजवळ नव्हता.

आणि तरीही कढई विझत नसे. बाटली भरून खेळाडू वळला की थोड्या वेळाने बाइलमॉ पुन्हा उभा राही, कारण मागून येणाऱ्या खेळाडूलाही आपली पाळी मिळायला हवी. सामायिक जगाची ही खरी अडचण. एकट्याने खेळायच्या खेळात तुम्ही शाप उतरवला की तो उतरला. इथे एकाने जमीन बरी केली तर बाकीच्यांचे काम संपेल, म्हणून जमिनीला आजारीच राहावे लागले. आर्जेंट डॉनचे चिन्ह अंगावर घालून मृतांना मारायचे आणि त्यांच्याकडचे स्कर्जस्टोन नावाचे दगड जमवायचे हा उद्योग खेळाडू महिनोन्‌महिने करत. साध्या शिपायांचे २० दगड, किंवा त्याहून वरच्यांचे १०, किंवा म्होरक्याचा १ दिला की एक टोकन मिळे आणि त्याने संघटनेतली पत वाढे. पत वाढत होती. माती होती तशीच होती.

या वेळी जो थोडा खरा आराम मिळाला, तो मेलेल्यांना मिळाला. ईस्टर्न प्लेगलँड्समधल्या डॅरोशायर या उजाड गावात पामेला रेडपाथ नावाच्या लहान मुलीचे भूत एका घरात एकटेच असते. गाव पडल्याचे तिला कळलेले नाही, वडील लढाईवरून का आले नाहीत एवढेच ती विचारते. तिची बाहुली मोडली आहे. खेळाडूने गावातल्या पडक्या घरांमध्ये शोधाशोध करून बाहुलीचे डोके, डावी बाजू आणि उजवी बाजू असे तीन तुकडे आणून जोडायचे. तिथून लांबलचक मालिका सुरू होते, जुनी पुस्तके आणि मेलेल्या वीरांच्या वस्तू गोळा कराव्या लागतात, आणि शेवटी डॅरोशायरची लढाई पुन्हा उभी करून या वेळी ती जिंकायची असते. काळ्या जादूने बाटलेला तिचा बाप जोसेफ त्या लढाईत सुटतो आणि बापलेकीची भेट होते. ही लढाई एकट्यादुकट्याने जिंकता येत नसे. अनेकांनी ती अनोळखी माणसांना चॅटवर हाका मारून जिंकली.

जून २००६मध्ये आलेल्या पॅच १.११ने, म्हणजे खेळाच्या सुधारित आवृत्तीने, स्कर्जचे आक्रमण प्लेगलँड्सच्या बाहेर नेले. विंटरस्प्रिंग, टानारिस, अझशारा, ब्लास्टेड लँड्स, बर्निंग स्टेप्स आणि ईस्टर्न प्लेगलँड्स या सहा प्रदेशांच्या आभाळात तरंगते किल्ले आले. खाली जमिनीत रुतलेल्या स्फटिकांभोवतीचे मृत मारत राहिले की स्फटिक दुबळे होत आणि सगळे फुटले की वरचा किल्ला निघून जाई. याच पॅचमध्ये ईस्टर्न प्लेगलँड्सवर नॅक्सरामस हा ४० खेळाडूंनी मिळून लढायचा किल्ला अवतरला. त्यात शिरायला आर्जेंट डॉनमधली पत लागे. पत जितकी मोठी तितके सोने कमी, आणि सर्वोच्च पत असलेल्याला काहीच द्यावे लागत नसे. दगड गोळा करण्यात घालवलेले महिने तिथे कामी आले. पॅच १.१२ने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर्वेकडचे चार बुरूज दोन्ही पक्षांना आपसात लढण्यासाठी खुले केले.

सोडवणुकीतला मोठा माणूस म्हणजे टिरियन फोर्ड्रिंग. हद्दपार झालेला हा वृद्ध योद्धा २००४च्या खेळात थोंड्रोरिल नदीकाठी झोपडी करून राहत असे आणि आल्यागेल्याला रोगट कुत्री, वटवाघळे, किडे मारायला सांगे. मुलगा टेलन हार्थग्लेन गावात स्कार्लेट क्रुसेड या कट्टर पंथाचा सरदार होता. मृतांशी लढता लढता या पंथाने जिवंतांवरही शस्त्र धरले होते. टिरियनने मुलाला परत आणू पाहिले, पण पंथानेच टेलनला मारले. २००८च्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या खेळाच्या विस्तारात, ईस्टर्न प्लेगलँड्समधल्या लाइट्स होप चॅपेलच्या लढाईनंतर, टिरियनने आर्जेंट डॉन आणि सिल्व्हर हँड हा धर्मयोद्ध्यांचा जुना संघ एकत्र करून आर्जेंट क्रुसेड उभारला. डिसेंबर २००९मध्ये आइसक्राउनचा गड उघडला आणि पुढे तिथे स्कर्जचा राजा झालेला अर्थस पडला. तोवर जमीन बरी होण्याला कथेत जागाच नव्हती. उगम जिवंत असताना शेत धुऊन काय होणार?

आता कथेत तशी जागा झाली, आणि खेळ सुरू झाल्यापासून बरोबर सहा वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१०ला, ‘कॅटॅक्लिझम’ या पुढच्या विस्ताराच्या तोंडावर आलेल्या पॅच ४.०.३एने जुना नकाशाच नव्याने रचला. त्या दिवशी वेस्टर्न प्लेगलँड्समध्ये शिरलेल्या जुन्या खेळाडूंना धुके विरलेले आणि रस्त्याच्या कडेला हिरवे गवत दिसले. प्रदेश आता ३५ ते ४० लेव्हलचा झाला होता, म्हणजे पूर्वीइतका जीवघेणा राहिला नव्हता. हार्थग्लेनमध्ये स्कार्लेट क्रुसेडच्या जागी आर्जेंट क्रुसेडचे ठाणे होते. बरे करण्याचे श्रेय कथेने त्यांना आणि सेनेरियन सर्कल या संघाच्या ड्रुइडांना, म्हणजे निसर्गाची जादू जाणणाऱ्यांना, दिले. ड्रुइडांचा तळ प्रदेशात पडला होता आणि तिथे झेन’किकी नावाचा ट्रोल वंशातला एक शिकाऊ होता. त्याला रूप बदलता येई, पण हवे ते रूप कधीच हाती येत नसे. खेळाडूने त्याला सोबत घेऊन फिरायचे आणि शिकवायचे. ज्या शिवारात आपण एके काळी जीव मुठीत धरून बाटल्या भरल्या, तिथे आता एका धांदरट विद्यार्थ्याला सांभाळायचे, ही योजना फार हळवी आहे. जमीन बरी झाल्याचा याहून पटणारा पुरावा दुसरा नाही.

एक बारीक बदल वनस्पती गोळा करणाऱ्यांच्याच लक्षात आला. प्लेगब्लूम नावाची बुटी केवळ बाटलेल्या मातीत उगवे आणि माँगूसच्या अर्कासारख्या महागड्या औषधांना लागे. २०१०नंतर तिचे नाव सॉरोमॉस झाले आणि ती स्वॅम्प ऑफ सॉरोज या दलदलीत उगवू लागली. जमीन सुधारली तशी तिच्या रोगावर जगणारी बुटीही तिथून उठली.

पण जमीन पिकण्याजोगी झाली की ती कोणाची हा प्रश्न लगेच येतो, आणि अँडोरहाल याचीच गोष्ट आहे. एकीकडून अलायन्सच्या बाजूने जुने शेतकरी आपल्या जमिनीवर परत येऊ बघत होते. दुसरीकडून होर्डच्या बाजूने फोरसेकन, म्हणजे त्याच महामारीत मेलेले आणि पुढे स्वतःची बुद्धी परत मिळवलेले लॉर्डेरॉनचे रहिवासी, हक्क सांगत होते. दोघांचाही दावा खरा, कारण दोघांचेही गाव तेच. गावात अजून स्कर्ज होता, म्हणून अलायन्सचा थासेरियन आणि होर्डचा कोल्टिरा या दोन जुन्या मित्रांनी आपसात युद्ध थांबवून आधी त्याला हुसकले. स्कर्ज गेल्यावर तह टिकला नाही. फोरसेकनांची राणी सिल्वानस हिने वाल्किर नावाच्या पंखधारी आत्म्यांना पाठवून मेलेल्यांना उठवले, गाव फोरसेकनांकडे गेले आणि तह केल्याबद्दल कोल्टिराला अंडरसिटी या फोरसेकनांच्या राजधानीत नेऊन कोंडले. ज्या गावच्या धान्याने राज्य मारले, त्या गावात पुन्हा मेलेली माणसे उठवून जमीन जिंकली गेली. खेळाडू कोणत्याही बाजूचा असो, ही मालिका संपताना समाधान वाटत नाही, आणि ते वाटू नये अशीच तिची रचना आहे.

हे सगळे दाखवणे शक्य झाले ते फेजिंग या तंत्रामुळे. एकाच जागेचे वेगवेगळे टप्पे सर्व्हर वेगवेगळ्या खेळाडूंना त्यांच्या कामाच्या प्रगतीप्रमाणे दाखवतो. बाइलमॉ पुन्हा उभा राहण्याची जुनी अडचण यातून सुटली. किंमत मात्र मोजावी लागली : अँडोरहालच्या चौकात उभे असलेले दोन मित्र वेगळ्या टप्प्यांवर असले तर एकमेकांना दिसत नसत. डॅरोशायरसाठी चॅटवर मारलेली हाक इथे उपयोगाची नव्हती.

ईस्टर्न प्लेगलँड्स मात्र बरा झाला नाही. आभाळ नारिंगीच राहिले. तिथे नवीन आली ती फियोना या वर्गेन, म्हणजे लांडगामाणसांच्या वंशातल्या, बाईची बैलगाडीसारखी संथ चालणारी गाडी. गिडविन हा ड्वार्फ आणि टॅरेनार हा ब्लड एल्फ, पॅलडिन, म्हणजे धर्मयोद्धे, व्हायला निघालेले दोघे, तिच्यासोबत बुरुजाबुरुजावर मुक्काम करत लाइट्स होप चॅपेलकडे जातात. पूर्वी ज्या बुरुजांसाठी दोन पक्ष भांडत, ते आता वाटसरूंचे थांबे झाले.

त्यानंतरची एक मोठी सोडवणूक शेजारच्या टिरिसफल या फोरसेकनांच्या प्रदेशाची. २०१८च्या ‘बॅटल फॉर अझेरॉथ’ या विस्तारात सिल्वानसने अंडरसिटी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिथे विष सोडले. मे २०२२च्या पॅच ९.२.५मध्ये फोरसेकन त्या अवशेषांमध्ये परतले.

ऑगस्ट २०१९मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ने २००६च्या सुमाराचे जग वेगळ्या सर्व्हरांवर पुन्हा उघडले, आणि प्लेगलँड्स तिथे जुन्या रूपात, आजारीच परतले. डिसेंबर २०२०मध्ये तरंगते किल्लेही आले. तिथे फेलस्टोन फील्डवर कढई उकळते आहे, प्लेगब्लूम उगवते आहे आणि पामेलाच्या बाहुलीचे तुकडे पडक्या घरांत विखुरलेले आहेत.