'उच्च ऊर्जा बंध' हा शब्द आला कुठून? एटीपी आणि त्याच्या भावंडांची पार्श्वभूमी

एटीपी, म्हणजे पेशीतल्या कामांना ऊर्जा पुरवणारं, तीन फॉस्फेट जोडलेलं रसायन, सापडलं १९२९ ला, जर्मनीत आणि बोस्टनमध्ये जवळपास एकाच वेळी, आणि बोस्टनच्या जोडीतला एक जण आंध्रातून गेलेला होता, हे आपल्याकडे शाळेत सांगायलाच हवं.

खरा गुंता १९४१ चा. त्या वर्षी एका लांबलचक लेखात फॉस्फेटच्या बंधासाठी साध्या रेघेऐवजी नागमोडी रेघ काढली गेली आणि 'ऊर्जा-समृद्ध', म्हणजेच 'उच्च ऊर्जा', बंध हे शब्द रूढ झाले. लेखाचा रोख होता फॉस्फेट एका रेणूवरून दुसऱ्यावर सोपवण्याच्या क्षमतेवर, पण लक्षात राहिली ती रेघ, आणि मग पिढ्यानपिढ्या मुलं पाठ करत आली की बंध तुटला की आतली ऊर्जा बाहेर येते. हे चूक आहे. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा लागतेच! मिळते ती पूर्ण रिॲक्शनमधून, म्हणजे पाणी येतं, एकमेकांना ढकलणारे ऋणभार सुटे होतात, तयार झालेले तुकडे जास्त स्थिर असतात. प्रयोगशाळेतल्या ठरावीक प्रमाणित स्थितीत सुटणाऱ्या ऊर्जेचा हा हिशोब मोलमागे साधारण ३०.५ किलोज्यूल, जिवंत पेशीत मात्र ५० च्या आसपास, कारण पेशी सतत राबून एडीपीच्या (एक फॉस्फेट गेल्यावर उरणाऱ्या रूपाच्या) मानाने एटीपी समतोलापेक्षा खूपच जास्त राखते. केमिस्ट मंडळींनी १९५० च्या दशकातच या शब्दावर हरकत घेतली होती, तरी पुस्तकांतून तो गेला नाही, आणि माझ्या मते याने विषय शिकवणाऱ्यांचं फार नुकसान केलंय.

दुसरं नुकसान म्हणजे सगळं लक्ष एटीपीवरच राहिलं. बाकीच्या भावंडांची, म्हणजे सीटीपी, जीटीपी, यूटीपी या तशाच तीन फॉस्फेटवाल्या रेणूंची, कामं कळली; त्यातल्या पहिल्या दोघांची तर चक्क भेसळीमुळे. १९५० च्या दशकात पेशीपटलातली स्निग्धं कशी बनतात ते बघताना कमी शुद्ध एटीपी टाकलं की काम व्हायचं, शुद्ध स्फटिकाचं टाकलं की बंद, शोधल्यावर कळलं की खरं काम त्यात मिसळलेलं सीटीपी करतंय. पुढे १९७१ च्या सुमाराला हार्मोनचा निरोप पेशीत कसा पोचतो यावर काम करताना तसंच झालं, बाजारातून आणलेल्या एटीपीत जीटीपी निघालं, त्यातून जी-प्रोटीन (जीटीपीच्या जोरावर तो निरोप पेशीत पुढे देणारी प्रथिनं) आणि १९९४ चं नोबेल. यूटीपी साखरेच्या जोडणीत लागतं, ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, त्याच वाटेने बनतं.

आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणारी साखळी, बनताना तर हे चौघंही वीट आणि मजुरी दोन्ही पुरवतात, प्रत्येक जण साखळीत शिरताना दोन फॉस्फेट सोडून देतो. कोविडच्या प्रमुख एमआरएनए लशी याच पद्धतीने बनल्या, फक्त यूटीपीच्या जागी त्याचं थोडं बदललेलं रूप वापरलं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या आरएनएवर लगेच तुटून पडत नाही.